डेट्रॉइट लायन्स, हंगाम २०२३: सप्टेंबर ते जानेवारी वापरून झाल्यावर

आधी हे कुणासाठी लिहितोय ते सांगतो. मोटारींच्या कामासाठी मिशिगनला आलेले आपले बरेच लोक नोवाय, कँटन, ट्रॉय भागात वर्षानुवर्षं राहतात आणि लायन्सकडे, म्हणजे डेट्रॉइटच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडे, ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना तरी काय बोलणार? १९५७ नंतर विजेतेपद नाही, सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, एकदाही पाऊल नाही, २००८ ला तर सोळाच्या सोळा सामने हरले. ऑफिसातले जुने डेट्रॉइटकर लायन्सचं नाव निघालं की हवापाण्यावर बोलायला लागायचे. तरी हा हंगाम मी पहिल्या सामन्यापासून शेवटपर्यंत नेटाने पाहिला. माझं मत: घ्या. फक्त घेण्याआधी कोच डॅन कॅम्पबेलची एक खोड समजून घ्या, कारण ती बंद करायचं बटण नाही.

दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. तीन वाया गेल्या की शहाणा कोच चौथ्याला पंट मारून चेंडू लांब घालवतो, नाहीतर फील्ड गोलचे तीन गुण पदरात पाडून घेतो. कॅम्पबेल चौथ्यालाही खेळतो. ७ सप्टेंबरला, गतविजेत्या कॅन्सस सिटीच्या घरच्या मैदानावर, पहिल्याच क्वार्टरमध्ये, आपल्याच १७ यार्डांच्या रेषेवर लायन्स पंटला उभे राहिले आणि चेंडू गेला पंटरऐवजी जेलन रीव्ह्ज-मेबिनकडे. दोन यार्ड हवे होते, तीन मिळाले. फसलं असतं तर समोरच्यांना टचडाउन (चेंडू टोकापर्यंत नेऊन सहा गुण) आंदणच दिल्यासारखं होतं. उलट त्याच चढाईत लायन्सचं टचडाउन झालं आणि सामना २१-२० असा खिशात आला. (त्यांचे मोठे खेळाडू केल्सी आणि ख्रिस जोन्स खेळत नव्हते, हे मान्य. विजय तो विजय.)

नोव्हेंबरात चार्जर्सविरुद्ध ३८-३८ अशी बरोबरी, दोन मिनिटंही उरलेली नाहीत, चौथा डाउन, दोन यार्ड बाकी. फील्ड गोल मारून आघाडी घेता आली असती, पण मग चेंडू समोरच्यांच्या हाती गेला असता. कॅम्पबेल पुन्हा खेळला, लापोर्टाने झेल घेतला, घड्याळ संपवत आणलं आणि अगदी शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून ४१-३८. त्या संध्याकाळी मी या खोडीच्या प्रेमात पडलो.

मग आला थँक्सगिव्हिंग. त्या दिवशी लायन्स घरच्या मैदानावर खेळतात, ही प्रथा १९३४ पासूनची. आमच्याकडे टर्कीऐवजी मटणाचा रस्सा होता आणि टीव्हीसमोर दोन घरची माणसं. ग्रीन बेविरुद्ध तीच पंटची हुलकावणी, या वेळी आपल्या २३ यार्डांवर. फसली. पॅकर्सनी लगेच टचडाउन वसूल केलं, सामना २९-२२ असा गेला. मेहुण्याने विचारलं, "हा असं का करतो?" मी त्याच्या ताटात आणखी रस्सा वाढला.

डॅलसचा सामना वेगळ्याच कारणाने डोक्यात जातो. २३ सेकंद बाकी असताना टचडाउन झालं, २०-१९ अशी एका गुणाची पिछाडी. टचडाउननंतरची साधी किक मारून एक गुण आणि बरोबरी मिळत होती, पण किकऐवजी आणखी एक चाल खेळून दोन गुण घ्यायला गेले. टेलर डेकरने झेल घेतला, आम्ही सोफ्यावर उभे, आणि पंचांचा नियमभंगाचा झेंडा पडला. एरवी झेल घ्यायची मुभा नसलेला गडी झेल घ्यायला येणार असेल तर त्याने ते पंचांना आधी कळवावं लागतं. पंचांच्या हिशेबी ते डेकरने नव्हे, ७० नंबरच्या डॅन स्किपरने कळवलं होतं. दुसरा प्रयत्न सात यार्डांवरून: चेंडू डॅलसने पकडला, पण त्यांचाच गडी ऑफसाइड. तिसरा: चेंडू जमिनीवर. वाद महिनाभर चालला.

बाकी तक्रारी थोडक्यात. पासविरुद्धचा बचाव गळका आहे. बाल्टिमोरने ३८-६ असं धुतलं. टचडाउन, जाहिरात, किकऑफ, पुन्हा जाहिरात, असं करत साठ मिनिटांचा खेळ तीन तासांच्या पुढे जातो. शेजारी एकूण बारा सामने जिंकलेले आणि १९९३ नंतर पहिल्यांदाच मिळवलेलं डिव्हिजनचं (चार संघांच्या गटाचं) जेतेपद ठेवा, आणि तुम्हीच ठरवा.

पैसे वसूल झाले ते रॅम्सविरुद्ध. समोर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, मॅथ्यू स्टॅफर्ड, बारा वर्षं डेट्रॉइटचाच. २०२१ ला त्याच्या बदल्यात इकडे आलेला जॅरेड गॉफ म्हणजे रॅम्सला नकोसा झालेला माणूस. सामन्याआधीपासूनच आपलं स्टेडियम, फोर्ड फील्ड, गॉफच्या नावाने दणाणत होतं. २४-२३. प्लेऑफमधला (बाद फेरीतला) विजय बत्तीस वर्षांनी! पुढच्या आठवड्यात टँपा बेलाही घरी पाठवलं.

आणि मग सॅन फ्रान्सिस्को, सुपर बोलच्या आधीचा शेवटचा सामना. हाफटाइमला आपण २४-७ असे पुढे. पुढे २४-१० असताना चौथा डाउन, दोन यार्ड. फील्ड गोल सोडून पास, जॉश रेनल्ड्सच्या हातातून निसटला. थोड्याच वेळात त्यांचा एक लांब पास आपल्या विल्डोरच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि आयुकच्या हातात पडला. सलग २७ गुण त्यांचे. शेवटच्या क्वार्टरमध्ये २७-२४ असे मागे असताना पुन्हा चौथा डाउन, पुन्हा खेळले, पुन्हा गेलं. ३४-३१. ऑफिसात दुसऱ्या दिवशी ज्यांनी कॅम्पबेलला शिव्या घातल्या, त्यातले निम्मे चार्जर्सच्या सामन्यानंतर त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. मला तरी वाटतं, तीन गुण घ्यायला हवे होते ते दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी पास बरोबर होता, झेल सुटला.

घेणारच असाल तर दोन गोष्टी. घरून बघायला साधा अँटेना पुरतो, इथले सामने स्थानिक चॅनेलवर फुकट दिसतात. स्टेडियमवर जाणार असाल तर छत आहे, थंडीची चिंता नको, पण बॅग पारदर्शकच लागते, सासूबाईंची मोठी पर्स दारावरूनच परत येईल. तिकीट न काढता वातावरण अनुभवायची संधीही मिळाली होती: २५ ते २७ एप्रिल २०२४ ला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायचा सोहळा, डेट्रॉइटमध्येच झाला, कॅम्पस मार्शस आणि हार्ट प्लाझाच्या भागात. प्रवेश फुकट होता, अॅपवर नोंदणी तेवढी करावी लागली.