कॅमेरा झोपला की कार्डही झोपतं: फ्लॅशएअर डब्ल्यू-०४ वापरल्यानंतरचा अनुभव

फोटोचा वरचा भाग एकदम स्वच्छ आणि खालच्या अर्ध्यात नुसता करडा पट्टा. वायरलेस मेमरी कार्ड म्हणजे कॅमेऱ्यात बसून फोटो वायफायने फोनवर पाठवणारं कार्ड, आणि त्याबद्दलची बहुतेक नाराजी इथूनच सुरू होते. लोक कार्डाला नावं ठेवतात, फोनला ठेवतात, वायफायला ठेवतात आणि कार्ड कपाटात जातं. कित्येक महिने वापरल्यावर माझं ठाम मत असं आहे की दहापैकी नऊ वेळा दोष यातल्या कशाचाच नसतो. दोष असतो कॅमेऱ्याच्या एका सेटिंगचा. त्यामुळे या लेखात ती एकच गोष्ट जास्त जागा खाणार आहे.

कार्ड तोशिबाचं फ्लॅशएअर डब्ल्यू-०४, ३२ जीबी, २०१७ सालचं मॉडेल. कॅमेरा निकॉन डी७०००. तो २०१० मध्ये आला. १६.२ मेगापिक्सेल, दोन एसडी स्लॉट, वायफाय नाही. फोटो आजही उत्तम येतात आणि केवळ वायफाय नाही म्हणून असा कॅमेरा बदलणं मला पटत नाही. ज्यांच्याकडे असाच जुना पण धडधाकट डीएसएलआर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आता मूळ मुद्दा. कार्डात बॅटरी नसते. वायफायचा रेडिओ, छोटा वेब सर्व्हर, सगळं कॅमेऱ्याने स्लॉटला दिलेल्या विजेवर चालतं. कॅमेरा मात्र बॅटरी वाचवायला काही सेकंदांत झोपतो आणि झोपताना स्लॉटची वीजही तोडतो. डी७००० मध्ये हे ठरतं कस्टम सेटिंग सी२ मध्ये. नाव आहे ऑटो मीटर-ऑफ डिले, आणि कंपनीकडून येताना ते ६ सेकंदांवर असतं. सहा सेकंद! एवढ्यात कार्डाचं वायफाय धड सुरूही होत नाही. पुढच्या मॉडेलांत याच गोष्टीला स्टँडबाय टायमर म्हणतात, कॅननमध्ये ऑटो पॉवर ऑफ.

कॅमेरा जागा आहे की झोपला, हे ओळखायला वरचा छोटा डिस्प्ले बघा. शटर स्पीड आणि अ‍ॅपर्चरचे आकडे दिसत असतील तर कॅमेरा जागा आहे. ते आकडे गेले आणि नुसती बॅटरीची खूण नि उरलेल्या फोटोंची संख्या राहिली, की कार्डाची वीज गेली समजा. मग शटर बटण अर्धं दाबून कॅमेरा उठवला तरी काम जिथे थांबलं तिथून सुरू होत नाही. कार्ड पहिल्यापासून सुरू होतं, त्याचं नेटवर्क पुन्हा दिसायला काही सेकंद जातात आणि तेवढ्यात फोन दुसऱ्या ओळखीच्या वायफायला जाऊन चिकटलेला असतो. जेपेग फाइलमध्ये चित्र वरून खाली साठवलेलं असतं, म्हणून मध्येच तुटलेल्या फाइलचा वरचा भाग दिसतो आणि खाली करडा पट्टा येतो. मूळ फोटो कार्डावर शाबूत असतो. फोनवरची अर्धवट प्रत पुसा आणि पुन्हा उतरवा. पुसायला मात्र विसरू नका. काही अ‍ॅप फक्त नाव बघतात, त्या नावाची फाइल आधीच आहे म्हणून ती पुन्हा घेतच नाहीत.

उपाय सरळ आहे, सी२ ३० मिनिटांवर ठेवायचं. पण दिवसभर ते तसंच ठेवलं तर कॅमेरा सतत जागा राहतो आणि बॅटरी संध्याकाळच्या आत संपते. इथे डी७००० च्या मोड डायलवरचे यू१ आणि यू२, म्हणजे आपली सेटिंग साठवून ठेवायच्या दोन जागा, कामाला येतात. मी यू२ फक्त फोटो पाठवण्यासाठी राखून ठेवलाय. सी२ ३० मिनिटांवर न्यायचं, मग सेटअप मेनूत सेव्ह युजर सेटिंग्जमध्ये जाऊन यू२ वर साठवायचं. त्यानंतर नेहमीच्या मोडला येऊन सी२ पुन्हा कमी करायचं. फोटो काढताना नेहमीचा मोड, पाठवताना डायल यू२ वर. या एका बदलानंतर अर्धवट फोटो येणं जवळजवळ थांबलं. कार्डाच्या माहितीपत्रकात हे पहिल्या पानावर ठळक छापायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी दोन तारे दिले असते, कारण तेव्हा वेगाचाही वैताग होता. डब्याच्या आकड्यांवर जाऊ नका. ९० एमबी वाचनाचा आणि ७० एमबी लेखनाचा वेग हा कॅमेऱ्यात किंवा कार्ड रीडरमध्ये मिळतो. हवेतून, २.४ गिगाहर्ट्झवर, सेकंदाला साधारण एक ते दोन एमबी धरा. डी७००० ची १६ एमबीच्या आसपासची रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची, मोठी फाइल) म्हणजे दहा-पंधरा सेकंद. फाइन दर्जाचा मोठा जेपेग सात-आठ एमबीचा. शंभर फोटो पाठवायचे तर चहा होऊन पुन्हा चहाची वेळ येते.

वेग वाढवता येत नाही, फाइल लहान करता येते. डी७००० मध्ये शूटिंग मेनूत दुसऱ्या स्लॉटची भूमिका ठरवता येते. तिथे ‘रॉ स्लॉट १ – जेपेग स्लॉट २’ निवडा. पहिल्या स्लॉटमध्ये साधं चांगलं कार्ड, दुसऱ्यात फ्लॅशएअर. इमेज क्वालिटी रॉ अधिक जेपेग नॉर्मल, इमेज साइज एम. ही साइज फक्त जेपेगला लागू होते, रॉ पूर्णच राहते. एम म्हणजे ३६९६ × २४४८ आणि फाइल दोन-सव्वादोन एमबीची. एक फोटो दीड-दोन सेकंदांत फोनवर येतो. व्हॉट्सअ‍ॅप साध्या दर्जात पाठवताना लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर आणतंच, त्यामुळे नातेवाइकांना यापेक्षा मोठा फोटो पाठवून काही पदरात पडत नाही. छपाईसाठी रॉ पहिल्या कार्डावर सुरक्षित आहे, तो घरी रीडरने घ्या. या व्यवस्थेनंतर माझं मत दोनवरून चारवर आलं आणि तिथेच टिकलंय.

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा आहेत. कुठलंही एक कार्ड भरलं की कॅमेरा थांबतो. आणि सलग फोटो काढताना बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) रिकामं व्हायचा वेग दोन्हींपैकी हळू कार्ड ठरवतं. वायफायवरून फाइल जात असताना फोटो काढू नका, दोन्ही कामं रेंगाळतात.

जोडणीचं थोडक्यात. कार्डावर एक लपलेलं फोल्डर असतं, एसडी अंडरस्कोर डब्ल्यूलॅन नावाचं. त्यात कॉन्फिग नावाची साधी मजकुराची फाइल असते, ती संगणकावर नोटपॅडमध्ये उघडते. अ‍ॅपमोडच्या ओळीत ४ लिहिलं तर कार्डाला वीज मिळाली की ते स्वतःचं वायफाय सुरू करतं. ५ लिहिलं तर घरच्या राउटरला जाऊन जोडलं जातं, पण राउटर २.४ गिगाहर्ट्झवर आणि डब्ल्यूपीए२ या सुरक्षेच्या पद्धतीवर हवा. फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेल्या राउटरशी याचं जमणार नाही. ० लिहिलं तर वायफाय बंद राहतं आणि कार्डावरचा ठरावीक कंट्रोल फोटो कॅमेऱ्यात ‘प्रोटेक्ट’ केला की सुरू होतं. डी७००० वर तो फोटो दिसत नसेल तर प्लेबॅक फोल्डर ‘ऑल’ वर करा, कारण तो कॅमेऱ्याने बनवलेल्या फोल्डरमध्ये नसतो. मी ४ वापरतो. दिवसभराचं कार्य असेल तर ० बरं, नाहीतर प्रत्येक वेळी कॅमेरा जागा झाला की रेडिओही सुरू होतो आणि १९०० एमएएचची बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

त्याच फाइलमध्ये अ‍ॅपऑटोटाइम ही ओळ आहे. तिथे ३००००० म्हणजे मिलिसेकंदांत पाच मिनिटं. तेवढ्या वेळात कोणी जोडलं नाही तर वायफाय बंद होतं आणि मग कॅमेरा बंद-चालू करावा लागतो. पाच मिनिटं पुरतात, ती ओळ बदलायची गरज नाही. पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला. मूळचा १२३४५६७८ आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. मंगल कार्यालयात कोणीही तुमच्या कार्डावरचे सगळे फोटो बघू शकेल. नवा पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. बाकीच्या ओळींना हात लावू नका.

फोनच्या बाजूने अडतं ते वेगळ्याच कारणाने. कार्डाच्या वायफायला इंटरनेट नसतं. अँड्रॉइड हे ओळखतो, ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का’ असं विचारतो आणि उत्तर दिलं नाही तर गुपचूप मोबाइल डेटावर जातो. वायफायची खूण दिसत राहते, पण पान उघडत नाही. म्हणून आधी मोबाइल डेटा बंद, व्हीपीएन असेल तर तोही बंद, मग जोडा. आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला लोकल नेटवर्कची परवानगी लागते. ती नाकारली गेली असेल तर सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन द्या.

अ‍ॅपवर विसंबूच नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं की कार्डावरची फोल्डरं दिसतात. आधी एचटीटीपी पूर्ण लिहा, कारण ब्राउझर स्वतःहून एचटीटीपीएस लावू बघतो आणि कार्डाला ते समजत नाही. ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना येईल, ती इथे बिनमहत्त्वाची आहे. बरेच फोटो एकदम हवे असतील तर कॉन्फिग फाइलमध्ये वेबडॅव्हची (नेटवर्कवरून फोल्डर उघडायची पद्धत) ओळ घालून १ लिहा, मग वेबडॅव्ह चालवणाऱ्या कुठल्याही फाइल मॅनेजरमधून फोल्डर उघडतं. १ म्हणजे फक्त वाचायचं. २ केलं तर लिहिताही येतं, पण ते करू नका.

कारण सांगतो. कार्डावर कुठली फाइल कुठे आहे याची यादी कॅमेरा चालू होताना वाचून स्वतःकडे ठेवतो. तुम्ही फोनवरून फाइल पुसली किंवा टाकली तर कार्डावरची यादी बदलते, कॅमेऱ्याकडची जुनीच राहते. पुढचा फोटो काढला की कॅमेरा त्या जुन्या यादीनुसार लिहितो आणि फोटो एकमेकांवर चढतात किंवा कार्ड वाचलंच जात नाही. पुसणं कॅमेऱ्यातून, घेणं फोनवरून, हा नियम पाळा.

अ‍ॅपवर न विसंबण्यामागे इतिहासही आहे. आय-फाय ही या कार्डांची पहिली मोठी कंपनी. तिच्या एक्स२ कार्डांचा आधार १६ सप्टेंबर २०१६ रोजी बंद झाला. त्या कार्डांची मांडणी कंपनीच्या सर्व्हरवर टेकलेली होती, त्यामुळे हजारो रुपये मोजलेली कार्डं हातात असून नवीन फोनला जोडता येईनात. फ्लॅशएअरमध्ये सर्व्हर कार्डातच आहे. खातं नाही, लॉगिन नाही. तोशिबाच्या मेमरी व्यवसायाचं नाव ऑक्टोबर २०१९ मध्ये किऑक्सिया झालं, कार्डाला त्याने काही फरक पडला नाही. जुनं उपकरण घेताना मी सगळ्यात आधी हेच बघतो: कंपनी नसेल तेव्हा हे चालेल का?

रेंजबद्दल एक बारीक गोष्ट. डी७००० च्या वरच्या आणि मागच्या बाजूला मॅग्नेशियमचं कवच आहे, कार्डाचं दार उजव्या पकडीशी आहे. म्हणजे कॅमेरा हातात धरला की तळहात नेमका कार्डावर येतो आणि सिग्नल पडतो. पाठवताना कॅमेरा टेबलावर ठेवा, उजवी बाजू फोनकडे, अंतर दोन-तीन हात. गर्दीच्या हॉलमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेकडो फोन असतात, तिथे वेग निम्म्याहून खाली येतो. बाजूच्या खोलीत गेलं तर लगेच फरक कळतो.

फॉरमॅट. हे वाचल्याशिवाय कॅमेऱ्यातलं फॉरमॅटचं बटण दाबू नका. कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं की फोटोंबरोबर ते लपलेलं फोल्डरही जातं आणि वायफाय सुरूच होत नाही. कार्ड खराब झालं म्हणून लोक परत करतात ते बहुधा यामुळेच. नवं कार्ड आलं की लपलेल्या फाइल दाखवायचं सेटिंग चालू करून सगळी मूळ फोल्डरं संगणकावर उतरवून ठेवा. कार्ड रिकामं करायचं तर फॉरमॅट न करता ‘डिलीट ऑल’ वापरा.

आता पैशांचं. यूएसबीचा ओटीजी, म्हणजे थेट फोनला लागणारा, कार्ड रीडर तीन-चारशे रुपयांत येतो, तो रॉ फाइल कितीतरी वेगाने घेतो आणि यातली एकही कटकट त्यात नाही. आयफोन १५ पासून तिथेही यूएसबी-सी आहे, तोच रीडर चालतो. दिवसाकाठी एकदा फोटो घ्यायचे असतील तर रीडरच घ्या, वायरलेस कार्डाला पैसे घालू नका. कार्ड परवडतं ते कॅमेऱ्याचं दार वारंवार उघडायचं नसतं तेव्हा: ट्रायपॉडवर लावलेला कॅमेरा, धूळ किंवा पाऊस, कार्यक्रम चालू असताना दर अर्ध्या तासाने चार फोटो बाहेर पाठवायचे असतात तेव्हा.

ही कार्डं आता मुख्यतः वापरलेली किंवा जुन्या साठ्यातली मिळतात. दोन गोष्टी तपासा. विक्रेत्यासमोरच फोन जोडून ब्राउझरमध्ये फोल्डर दिसतं का, आणि घरी आल्यावर परतीची मुदत संपायच्या आत एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने पूर्ण ३२ जीबी लिहून-वाचून होतं का. त्याआधी फोल्डरांची प्रत काढलेली असू द्या.