सरकत्या गाठीचं ब्रेसलेट, काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

रोज काढ-घाल होणारं दोरीचं ब्रेसलेट तुटलं की दोष सरकत्या गाठीला, म्हणजे ओढून घेर लहान-मोठा करता येणाऱ्या गाठीला, मिळतो. तुटलेली जागा नीट बघा. गाठ बहुतेक वेळा शाबूत असते. आतली, म्हणजे गाठीतून सरकणारी, दोरी गाठीच्या तोंडाशी झिजून गेलेली असते, आणि तिला झिजवणारी गोष्ट अगदी शेजारी असते: बांधणाऱ्या दोरीचं जाळून चिकटवलेलं टोक. या टोकावर पुढे सविस्तर लिहितो, कारण ब्रेसलेट किती टिकणार हे तेच ठरवतं. आधी गाठींबद्दल.

चौकोनी गाठींची पट्टी (ब्रेसलेटच्या एकमेकींवरून घेतलेल्या दोन टोकांभोवती वेगळ्या दोरीने बांधलेली) आणि विळख्यांची जोडी (प्रत्येक टोक दुसऱ्या बाजूच्या दोरीभोवती गुंडाळून मारलेल्या दोन गाठी), हे दोन्ही प्रकार बांधणाऱ्यांना माहीत असतातच. पट्टीसाठी 1 मि.मी. जाडीची 25 ते 30 सें.मी. दोरी पुरते. पाच पूर्ण गाठी मारल्या, म्हणजे प्रत्येकी एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, की साधारण सव्वा ते दीड सें.मी. लांबी होते. बाजू न बदलता दर वेळी एकाच बाजूने गाठ मारली तर पट्टीला पीळ पडतो आणि ती सरकताना अडखळते.

माप घेताना मनगटाइतकंच लक्ष हाताच्या रुंद भागाकडे द्या. मनगट 16 सें.मी. आणि अंगठा आत दुमडून हाताचा घेर 20 सें.मी. असेल, तर फरक 4 सें.मी. पट्टीच्या प्रकारात तो दोन शेपट्यांत (पट्टीबाहेर लोंबणाऱ्या मोकळ्या टोकांत) विभागतो, म्हणून मनगटावर घट्ट बसवल्यावर प्रत्येक शेपटी पट्टीबाहेर किमान 2 सें.मी. हवी. त्यावर 1 सें.मी. राखीव ठेवा आणि शेवटची गाठ मारायला 4-5 सें.मी. वेगळी धरा. विळख्यांच्या जोडीत हिशोब वेगळा: दोन गाठी एकमेकींना टेकल्या की घेर सगळ्यात मोठा, आणि मनगटावर बसवल्यावर त्यांच्यात पूर्ण 4 सें.मी. अंतर पडतं. लहान मुलांच्या मनगटावर ही दुहेरी दोरी फार लांबवर दिसते, तिथे पट्टीच बरी.

सुरुवातीच्या आठवड्यांत पट्टी निर्विवाद सरस वाटते. एका हाताने ओढता येते, पकड समान, दिसायला नीटस. मेण लावलेल्या पॉलिएस्टर दोरीवर हे मत आजही कायम आहे. मेण लावलेल्या सुती दोरीबाबत मात्र ते बदललं. सुती दोरीवरचं मेण उडतं, लव सुटते, आणि पाणी लागलं की धागा फुगतो. पट्टीची पकड दीड सें.मी.भर असल्याने ती भिजल्यावर जाम होते, आणि अशा वेळी जोराने ओढणं म्हणजे आतली दोरी खरवडणं. विळख्यांची गाठ दोरीला थोड्याच लांबीवर धरते, त्यामुळे ती ओली असतानाही हलते. सैल झाली तर तिचंच टोक ओढून पुन्हा आवळता येते. तेव्हा सुती दोरीला दोन-दोन विळख्यांची जोडी, पॉलिएस्टरला पट्टी. पॉलिएस्टरवर जोडीच हवी असेल तर विळखे तीन घ्या, दोन टिकत नाहीत. गुळगुळीत चकचकीत नायलॉनला पाचाऐवजी सहा-सात गाठींची पट्टी लागते.

पट्टी घसरत असेल तर ती बांधताना आतल्या दोऱ्या सैल होत्या असं समजा. दोन्ही दोऱ्या क्लिपबोर्डला किंवा टेपने ताणून बांधा. ताणलेली दोरी बारीक होते आणि ताण काढल्यावर पुन्हा थोडी भरते, ती भरण्यातून पकड येते. प्रत्येक गाठीनंतर शेपटी हळूच ओढून बघा. पाच गाठी झाल्यावर कळून उपयोग नाही, सगळं उसवावं लागतं.

आता टोक. सर्रास केलं जातं ते असं: शेवटच्या गाठीलगत दोरी कापायची, लायटर लावायचा, दाबायचं. वितळलेला थेंब थंड होऊन टणक मणी होतो, आणि तो बसतो नेमका पट्टीच्या तोंडाशी, जिथून आतली दोरी रोज आत-बाहेर सरकते. प्रत्येक ओढीला तो तिला खरवडतो. कधी तो आतल्या दोरीलाच चिकटतो आणि पट्टी हलेनाशी होते. उपाय म्हणजे बोथट सुईने दोन्ही टोकं पट्टीच्या मागच्या बाजूने, शेवटच्या दोन-तीन गाठींखालून मध्यापर्यंत ओवा. तिथे 2 मि.मी. ठेवून कापा, ज्योतीच्या पिवळ्या शेंड्याऐवजी बुडाच्या निळ्या भागाजवळ क्षणभर धरा (शेंड्याने काजळी धरते) आणि कात्रीच्या सपाट पात्याने दाबा. बोटाने नको, वितळलेलं नायलॉन त्वचेला चिकटून भाजतं. ओवायला जास्तीची चारेक सें.मी. दोरी जाते. ती वाचवण्यासाठी अख्खं ब्रेसलेट घालवणं परवडत नाही.

सुती दोरी वितळत नाही, जळते. तिला कापडाच्या गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पुरे. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद वापरू नका: तो धाग्यातून आत शोषला जाऊन आतली दोरीही पकडतो, शिवाय सुतावर तापतो.

जुन्या ब्रेसलेटवर टोक तोंडाशीच असेल तर ब्रेसलेट टाकू नका. पट्टी आणि आतल्या दोऱ्या यांच्यामध्ये जाड सुई घाला, सुईवरूनच पट्टी कापा, म्हणजे आतल्या दोरीला पातं लागत नाही. मग झिजलेली जागा चिमटीत फिरवून बघा. नुसती लव असेल तर मधमाशांचं मेण घासून, फडक्यातून ओढून जास्तीचं काढा आणि नवी पट्टी बांधा. एखादा पेड तुटलेला दिसला तर मेणाने भागणार नाही. ब्रेसलेटमध्ये ओवलेले मणी काढून घ्या आणि दोरी नवी घ्या.