बर्डीवरचं क्रिस्टल रेडिओ किट: खडा चोख, माहितीपत्रक कच्चं

नागपुरात सीताबर्डीवर सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानात मिळणाऱ्या या बिनबॅटरीच्या किटच्या खोक्यावर जगदीशचंद्र बोसांचा फोटो आहे. आत ६३ मिलिमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा, २६ गेजची एनॅमल तार, स्टेशन लावायचा ३६५ पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर, क्रिस्टल इअरफोन, अँटेनाची १५ मीटर वायर आणि लहरींतून आवाज वेगळा काढणारा (डिटेक्टर) गॅलेनाचा खडा.

किट घ्यावं ते या खड्यासाठी. एरवी किटवाले त्याच्या जागी तयार जर्मेनियम डायोड देऊन मोकळे होतात. बोसांना १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं ते गॅलेनाच्याच डिटेक्टरचं. अर्ज १९०१ चा. पण ‘बोसांनी असाच रेडिओ ऐकला’ हे माहितीपत्रकातलं वाक्य साफ चूक. त्यांचं काम मिलिमीटर लहरींवरचं, अगदी ५ मिलिमीटरपर्यंतच्या. आकाशवाणी नागपूरची ५८५ किलोहर्ट्‌झची लहर सुमारे ५१३ मीटरची, म्हणजे लाखपट लांब. पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून लहरी सोडून त्यांचं ध्रुवीकरण, म्हणजे कंपनाची दिशा, फिरवणारा हा माणूस. ते छापलं असतं तर पोरांनी डोळे विस्फारून वाचलं असतं.

दुसरी चूक महागात पडते. पत्रकात पाइपवर कॉइलचे ९० वेढे सांगितलेत, त्याला जवळपास १८ मीटर तार लागते. दिलीय जेमतेम १३ मीटर. खुशाल ६२ वेढे घाला, एकाला एक चिकटून. कॉइलचं इंडक्टन्स साधारण २५० मायक्रोहेन्री मिळतं आणि ५८५ किलोहर्ट्‌झ सहज पकडीत येतं. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं लख्ख घासा. एनॅमलचा लेप राहिला की सगळं मुकं.

इअरफोनला समांतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच, तो किटमध्ये नाही. क्रिस्टल इअरफोन कंडेन्सरसारखा वागतो. साठलेल्या चार्जला उतरायला वाट नसली की आवाज चिरका होतो नाहीतर बसतो. मोबाइलचा इअरफोन चालत नाही, त्याचा रोध फार कमी.

खड्यावर स्टीलची तार अलगद टेकवत संवेदनशील जागा शोधावी लागते. दाबली की गेली. बोटाचं तेल लागलं तर स्पिरिटनं पुसा. आणि गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

खरी परीक्षा अर्थिंगची. नळाचे पाइप आता प्लास्टिकचे, त्यांना वायर बांधून उपयोग नाही. जमिनीत सळई ठोका. पण आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, सळईभोवती पोकळी राहते आणि आवाज पडतो. बादलीभर पाणी ओतलं की परत येतो. घरातल्या प्लगच्या अर्थ पिनला हात लावू नका. मृगाचे ढग दिसले की गच्चीवरची अँटेना सोडवून ठेवायची.