ग्रेशम कॉलेजची फुकट व्याख्यानं आणि एक पैसे भरून केलेली कार्यशाळा

लंडनच्या ग्रेशम कॉलेजात प्रवेश नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. १५९७ पासून तिथे नुसती जाहीर व्याख्यानं होतात, तीही फुकट. आता ती यूट्यूबवरही असतात. इंग्रजी साहित्यावरची बरीचशी नाशकात बसून ऐकून झाली, म्हणून लिहितेय.

थेट प्रक्षेपणाच्या नादी लागू नका. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा. रेकॉर्डिंग बरं. सुरुवात बेलिंडा जॅक किंवा जोनाथन बेट यांच्यापासून करा. दोघंही तिथे वक्तृत्वशास्त्राच्या अध्यासनावर होते. व्यासंग दांडगा, पण बीएच्या गाइडचा वास नाही. बऱ्याच व्याख्यानांची लेखी प्रत संकेतस्थळावर मिळते; ती समोर ठेवली की उच्चारांनी अडत नाही.

पण भाषण ते भाषणच. आपण माना डोलावतो आणि दोन दिवसांत निम्मं विसरतो. म्हणून दुसऱ्या एका संस्थेची ऑनलाइन कार्यशाळा केली, डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'वर. ही कादंबरी १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. शेवट मात्र डिकन्सने छापण्याआधी बदलला, बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून. आम्हाला दोन्ही शेवट शेजारीशेजारी ठेवून वाचायला लावले. मूळ शेवटात नायक पिप आणि त्याचं लहानपणापासून जिच्यावर प्रेम ती एस्टेला लंडनच्या रस्त्यात ओझरते भेटतात. पिपबरोबरचं पोर त्याचंच, असं तिला वाटतं. खरं तर ते पिपचा मेहुणा जो आणि त्याची बायको बिडी यांचं. बस, एवढंच. छापलेल्या शेवटात, एस्टेला वाढली त्या, आता पाडलेल्या वाड्याच्या जागी धुकं, आणि हातात हात. गटातले निम्मे 'गोड शेवट' म्हणून मोकळे झाले. मग शेवटचं वाक्य पुन्हा मोठ्याने वाचलं गेलं. दोघं एकत्र राहिले असं त्यात कुठेच नाही! पुढचा तासभर नुसती जुंपली होती. असं काही व्याख्यानात घडत नाही.

गंमत म्हणजे ग्रेशमचं १९९१ पासूनचं ठिकाण, बार्नार्ड्स इन, हेच पिपचं लंडनमधलं पहिलं बिऱ्हाड. त्याला ती जागा बोक्यांच्या क्लबाइतकी कळकट वाटली होती.

दोन्हींत निवडायचं तर मी आधी ग्रेशम म्हणेन, पण पुस्तक वाचून मगच व्याख्यान लावा. कार्यशाळेला पैसे भरण्याआधी गटात किती जण असतील ते विचारून घ्या. आमच्या पुढच्या सत्रात इतकी माणसं कोंबली की बोलायची पाळीच येईना. फी मात्र तीच.