गहू विळ्याने काढायचा की हार्वेस्टरने?

घरचं दोनेक एकर रान असलं की उन्हाळ्यात दरवेळी हाच प्रश्न. हार्वेस्टर आला की तास-दोन तासात रान मोकळं, दाणे सरळ ट्रॉलीत, आभाळ भरून आलं असेल तर विचारच करू नका, तोच बोलवा. पण तो वरून कापतो, काड रानातच राहतं, आणि गोठ्यात जनावरं असतील तर भुसा म्हणजे वर्षाचा आधार असतो हो! विळ्याचं काम पहाटेच, दव आहे तोवर ओंब्या कमी झडतात, मग पेंढ्या बांधा, वाळवा, मळणी करा, घरातले सगळे लागतात, कंबर मोडते हे खरंय. मी तरी गोठ्याकडे बघून विळाच धरतो. दाणा मात्र दोन्हीत दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर साठवू नका.