सात इंची कॉम्प्युटर, अकरा महिने आणि एक ट

परवा नवी बॅटरी बसून माझं छोट्या लॅपटॉपसारखं मशीन परत हातात आलं, म्हणून आता लिहिते. सात इंची स्क्रीन, आठ जीबी रॅम, वजन अर्ध्या किलोच्या आत. ज्यांना असल्या मशीनचा नाद आहे त्यांना बाकीचं सांगायला नको. मी सेकंडहँड घेतलं, साडेअठरा हजारांत.

ठाणे आणि ऐरोली-कोपरखैरण्यातल्या नऊ सोसायट्यांचे हिशेब आणि दप्तर मी बघते. मीटिंग रात्री साडेआठला, कधी क्लबहाऊसमध्ये, कधी पार्किंगमध्ये. पंधरा इंची लॅपटॉप घेऊन ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत चढणं खांद्याला झेपेनासं झालं होतं. हे पर्समध्ये छत्री आणि डब्याच्या मधे बसतं. परतताना ऐरोलीला जागा मिळाली तर ठाणे येईपर्यंत इतिवृत्ताची सुरुवात लिहून होते. मोबाईलवर ताळेबंदाच्या एक्सेलला हात लावायची माझी हिंमत नाही. इथे माझी नेहमीची फाईल उघडते. या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

पण कीबोर्ड! मी इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर लिहिते. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि च-छ, ट-ठ, ड-ढ, य ही अक्षरं अगदी उजव्या कडेला, जिथे इंग्रजीत अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरकी रेघ असते. कीबोर्ड सात इंचात बसवताना बनवणाऱ्याने नेमकी तीच कड आक्रसली. इंग्रजी लिहिणाऱ्याचं फक्त विरामचिन्ह अडतं, आपली अक्षरं अडतात. माझं रोजचं वाक्य बघा: ‘पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीच्या खर्चाबाबत चर्चा होऊन ठराव मंजूर.’ एका ओळीत सहा च, एक ट, एक ठ.

च निम्म्या रुंदीचा. ट तर खालच्या ओळीत, बाणांना चिकटून. ‘ठाणे’ लिहायचं म्हटलं तरी मान खाली घालून बटण शोधायचं, आणि पत्ता प्रत्येक पत्रावर लागतो. बोट जरा सरकलं की वरचा बाण दाबला जायचा आणि पुढची अक्षरं आधीच्या ओळीत घुसायची. जानेवारीत एका इतिवृत्तात अशीच दोन अक्षरं रंगकामाच्या रकमेत जाऊन बसली. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर चिटणीसांना दिसलं. पुन्हा छपाई, पुन्हा सह्यांसाठी दारोदार. त्या आठवड्यात मी हे विकायला काढलं होतं.

मार्चमध्ये भाच्याने मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईजमधलं कीबोर्ड मॅनेजर दाखवलं, त्यात एका बटणाला दुसऱ्याचं काम देता येतं. फुकट आहे. कॅप्सलॉक मराठी लिहिताना पडूनच असतो, त्याला अवतरणचिन्हाच्या, म्हणजे ट च्या बटणाचं काम दिलं. आता ट डाव्या करंगळीशी आणि शिफ्ट धरलं की ठ. दोन आठवडे चुकत होते, मग हात बसला. घरच्या कॉम्प्युटरवरही तोच बदल केला, नाहीतर रोज दोन कीबोर्डांत गोंधळ. विकायचा विचार तिथेच सोडला. च बद्दलचा राग मात्र अजून आहे.

मग ऑगस्टच्या शेवटी मशीन टेबलावर डुगडुगायला लागलं. तळाचं झाकण एका बाजूने उचललेलं. बॅटरी फुगली होती. असं दिसलं तर चार्जिंग ताबडतोब बंद करा, झाकण दाबून बसवायला जाऊ नका, लिथियम बॅटरी पेट घेते. हे नेमकं वार्षिक सभांच्या दिवसांत, 30 सप्टेंबरच्या आत सगळ्या उरकायच्या असताना. विकणाऱ्याने फोन उचलणं सोडलं. वाशीतल्या एका दुकानदाराने न उघडताच ‘नवीन घ्या मॅडम’ म्हणून तपासणीचे पाचशे मागितले. मी दिले नाहीत. ठाणे स्टेशनजवळच्या एका मुलाने स्क्रू काढले, बॅटरीवरचा नंबर उतरवून घेतला आणि बाहेरून मागवली. सहा आठवडे आणि 4,300 रुपये. सगळ्या सभा मोठा लॅपटॉप वाहून केल्या, आणि खांद्याने पुन्हा आठवण करून दिली.

आमच्या मामांकडे एचपीचा 200एलएक्स हा तळहातावरचा कॉम्प्युटर होता, 1994 साली आलेला. दोन पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचा. सेल संपले की कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळायचे. बॅटरी हाताने काढता येणं ही सोय कंपन्यांनी का घालवली, याचा मला खरंच त्रास होतो.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. साध्या मोबाईल चार्जरवर माझं मशीन चार्ज होत नाही, पीडीवाला (यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा) लागतो, पॉवरबँकही तशीच. आणि प्रोसेसर कोणता ते विचारा. माझा जुना, विंडोज 11 ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरच्या यादीत नाही. विंडोज 10 चा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मी वर्षभराची वाढीव मुदत घेतलीय, ऑक्टोबर 2026 पर्यंत. नंतर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली. तिथे पॉवरटॉईज नाही. भाच्याला सांगून ठेवलंय, आधी तुझ्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये कॅप्सलॉकचा ट करून दाखव, मगच माझ्या मशीनला हात लाव.