वचन ठाऊक असणे आणि प्रभूवर भिस्त ठेवणे: आधी कशाकडे वळावे?

ख्रिस्ती जीवनाकडे नव्याने किंवा पुन्हा एकदा गांभीर्याने वळणाऱ्या माणसापुढे लवकरच एक निवड उभी राहते. हाताशी असलेला थोडा वेळ पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पद्धतशीर अभ्यासाला द्यावा, की अभ्यास पुढे ढकलून प्रार्थना, आज्ञापालन आणि प्रभूवर रोजच्या रोज भिस्त ठेवण्याची सवय आधी लावून घ्यावी? मंडळीत दोन्ही प्रकारचा सल्ला देणारे भेटतात आणि दोघांच्याही तोंडी वचने असतात, त्यामुळे विचारणाऱ्याचा गोंधळ वाढतो.

अभ्यासाचे एक मोठे सुख असे की त्याची प्रगती दिसते. प्रॉटेस्टंट परंपरेत 66 आणि कॅथलिक परंपरेत 73 पुस्तकांचा हा ग्रंथ हिब्रू, अरामी आणि ग्रीक अशा तीन भाषांत, अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिला गेला. त्यातली किती पुस्तके वाचून झाली, कोणता संदेष्टा कोणत्या राजाच्या काळातला, आद्य मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचे कोणते पत्र तुरुंगातून गेले, हे सांगता येते आणि तपासताही येते. विश्वासाला असे माप नाही. तो आहे की नाही हे बहुधा तेव्हाच कळते, जेव्हा धरून ठेवण्यासारखे दुसरे काहीच हाती उरलेले नसते. जे मोजता येते तेच महत्त्वाचे वाटू लागण्याचा मोह म्हणूनच अभ्यासू माणसाला अधिक असतो.

या मोहाचे सर्वांत बोलके चित्र मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, दुसऱ्या अध्यायात आहे. ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हायचा, असे हेरोद राजाने विचारताच मुख्य याजकांनी आणि शास्त्र्यांनी मीखा संदेष्ट्याचा आधार देऊन बेथलेहेमचे नाव सांगितले. उत्तर अचूक होते. यरुशलेमपासून बेथलेहेम काही तासांच्या पायवाटेवर होते. तरीही तिकडे निघाले ते दूर पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी, लोक, आणि शास्त्री निघाल्याचा उल्लेख मत्तय करत नाही. पुढे अरण्यात येशूची परीक्षा पाहताना सैतानानेही 91व्या स्तोत्राचाच दाखला दिला. देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब लिहितो. माहिती बरोबर असणे आणि त्या माहितीने पाऊल उचलणे यांत केवढे अंतर राहू शकते, हे या तिन्ही ठिकाणी उघड दिसते.

एवढ्यावरून अभ्यास बाजूला ठेवण्याचा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. माझ्या मते अज्ञानी विश्वासाने होणारी हानी कमी बोलली जाते आणि ती अधिक वेदनादायक असते. आपल्या बांधवांना देवाविषयी आस्था आहे, पण ती यथार्थ ज्ञानाला धरून नाही, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दुःखाने म्हटले आहे. आजही कोणीतरी मनापासून विश्वास ठेवतो की प्रार्थना केली म्हणजे आजार जाणारच. आजार जात नाही, आणि मग आपला विश्वासच खोटा होता असे समजून तो मंडळीपासून, आणि कधी कधी देवापासूनही, दूर जातो. या माणसाला कोणी सांगितलेले नसते की पौलाने स्वतः आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काढला गेला नाही. त्याला मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन. त्याला हेही ठाऊक नसते की 88वे स्तोत्र आशेच्या एकाही ओळीवर न थांबता अंधारातच संपते, आणि तरीही ते देवाच्या लोकांच्या प्रार्थनांमध्ये जपले गेले आहे. रात्र न सरणाऱ्या माणसाला हे स्तोत्र माहीत असणे ही केवळ माहिती राहत नाही. आपला आक्रोश अविश्वास नसून प्रार्थनाच आहे, हे त्याला त्यातून कळते. ज्याच्यावर भिस्त ठेवायची त्याने काय म्हटले आहे आणि काय म्हटलेले नाही, हे ठाऊक नसेल तर आपण नकळत आपल्याच इच्छांवर विश्वास ठेवत राहतो.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर शुभवर्तमानांत येशूने ज्यांच्या विश्वासाची वाखाणणी केली त्यांच्यात पंडित फारसे नाहीत. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा अधिकारी, परराष्ट्रीय होता. रक्तस्रावाने पीडित स्त्रीने केवळ वस्त्राला हात लावला. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला तर शिकायला वेळच उरला नव्हता, आणि तरी त्याला सुखलोकाचे वचन मिळाले. पण हे सगळे येशूविषयी काहीतरी ऐकून किंवा पाहून त्याच्याकडे वळले होते, हेही विसरू नये. विश्वास ऐकण्याने येतो, असे पौल म्हणतो ते याच अर्थाने. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या परंपरेतील ईश्वरविज्ञान्यांनी विश्वासाचे तीन घटक सांगितले: जाणणे, मान्य करणे आणि भरवसा टाकणे. तुलना करणाऱ्याला ही मांडणी फार उपयोगी पडते, कारण आपण कोणत्या पायरीवर थांबलो आहोत हे तिच्यावरून स्वतःला विचारता येते.

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली 1738च्या मे महिन्यापर्यंत दीक्षित पाळक होता, ऑक्सफर्डमध्ये शिकवून आणि मिशनकार्यासाठी समुद्रापार जाऊन आला होता. 24 मेच्या संध्याकाळी, फारशी इच्छा नसताना, तो एका सभेत गेला आणि तेथे रोमकरांस पत्रावरील धर्मसुधारक मार्टिन लूथरची प्रस्तावना वाचली जात असताना, आपण तारणासाठी ख्रिस्तावर, केवळ ख्रिस्तावर भरवसा ठेवतो आहोत, याची जाणीव त्याला झाली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी त्यानंतरच्या वर्षांविषयी लिहिले. ख्रिस्त मिळाल्यावर त्यांनी अभ्यास सोडला नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याच्या कामात त्या 1922 मधील आपल्या मृत्यूपर्यंत गुंतलेल्या होत्या. वेस्लीला वाचनातून भरवसा मिळाला आणि रमाबाईंना भरवशातून अभ्यासाचे बळ मिळाले.

म्हणून निवड करणाऱ्याने आपली ओढ आधीच कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी. तारणाच्या दृष्टीने भरवसा पहिला, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. परंतु तो कोणावर टाकायचा हे शुभवर्तमानच दाखवते. ज्याची प्रार्थना उत्कट आहे पण वाचन तुटक आहे, त्याने मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. त्याचे 16 अध्याय एका बैठकीत वाचून होतात, आणि आवडीची वचने वेचण्याऐवजी येशू प्रत्यक्ष कसा वागतो ते त्यात सलग पाहायला मिळते. ज्याचे वाचन भरपूर आहे पण प्रार्थना कोरडी झाली आहे, त्याने नवा अभ्यासक्रम काही काळ न घेता मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली 23वी आणि 24वी ओवी घ्यावी. त्या त्याला पाठ असतीलच. ज्या भावाच्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे, त्याच्याकडे त्याने याच आठवड्यात जावे.